नाकारलेल्या धावेची नोंद

पऱ्हाटी उपटून झाली आणि तूर सोंगून घरात आली, की कामरगावच्या शिवारात कुठलं तरी एक वावर महिना-दीड महिना रिकामं सापडतं. पोरं ढेकळं फोडतात, पाणी शिंपून खेळपट्टी चोपतात आणि टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. स्कोअरची वही बरीच वर्षं माझ्याकडे असते. वावरातल्या क्रिकेटमध्ये चौकार थोडे, पळून काढलेल्या धावा फार. चेंडू कधी ढेकळात अडतो, कधी धुऱ्यावरच्या गवतात शिरतो आणि प्रत्येक वेळी दोन फलंदाजांना अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं. एका टोकाकडून "पय, पय!" आणि दुसऱ्या टोकाकडून "नोको येऊ!" अशा दोन हाका एकाच वेळी आल्या, की माझ्या वहीत एक गडी कमी होतो.

संध्याकाळी हीच पोरं पारावर बसून मोबाइलवर क्रिकेट खेळतात. मागच्या मोसमात त्यांच्या खांद्यावरून मी एक सामना पाहत होतो. शेवटचा चेंडू, जिंकायला तीन धावा, फलंदाजी संगणकाची. चेंडू मिडविकेटच्या मोकळ्या भागात गेला, फिल्डर लांब होता. संगणकाच्या फलंदाजांनी एक धाव काढली आणि दोघेही क्रीझमध्ये बॅट टेकवून उभे राहिले. दुसरी धाव सहज होती, तिनं सामना बरोबरीत सुटला असता आणि धावचीत झाले असते तरी गमावण्यासारखं काहीच नव्हतं. खेळणारा पोरगा जिंकला, पण त्याच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद दिसेना. "काका, याले काही समजते का?" असं त्यानं मला विचारलं.

हा प्रश्न वाटतो त्याहून जुना आहे. खेळाची नक्कल करणाऱ्या खेळांचा, विशेषतः ज्यात आपण स्वतः बॅट न धरता कप्तान किंवा व्यवस्थापक होऊन संघ चालवतो त्या खेळांचा, सत्तरहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. फटका, चेंडू, झेल यांची नक्कल त्यांना बऱ्यापैकी साधली. पळण्याचा निर्णय मात्र अजूनही कच्चा राहतो. अमेरिकेतले बेसबॉलच्या अशा खेळांचे शौकीन नेमकी हीच तक्रार करत आले आहेत: गडी नको तिथे पळतो आणि हवं तिथे थांबतो. आपली क्रिकेटची तक्रार तिची सख्खी बहीण आहे, म्हणून दोन्हींचा एकत्र आढावा घेतो.

बेसबॉल आपल्याला अगदी परका नाही. महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉलही आहे आणि बेसबॉलही. तरी थोडं सांगायला हवं. मैदानात चौकटीसारखे चार तळ असतात, दोन तळांमधलं अंतर 90 फूट. फटका मारणाऱ्याला पहिल्या तळाकडे पळावंच लागतं. पण जो गडी आधीपासून दुसऱ्या तळावर उभा आहे, त्याला साध्या फटक्यावर तिसऱ्यावर थांबायचं की थेट चौथ्यापर्यंत, म्हणजे घरापर्यंत, धाव घ्यायची हे ठरवता येतं. तिसऱ्या तळाजवळ त्यांचा प्रशिक्षक उभा असतो आणि हात फिरवून किंवा तळवे दाखवून "ये" किंवा "थांब" सांगतो. आपल्याकडे तेच काम समोरचा फलंदाज तोंडानं करतो. एक योगायोग मला फार आवडतो: बेसबॉलच्या दोन तळांमधले 90 फूट म्हणजे 30 यार्ड, आणि एकदिवसीय सामन्यातलं आतलं वर्तुळ स्टंपांपासून तेवढ्याच 30 यार्डांवर असतं. बेसबॉलचा गडी जेवढं पळतो, तेवढ्याच लांबून आपला वर्तुळावरचा फिल्डर चेंडू फेकतो.

अशा खेळांची सुरुवात पत्त्यांनी आणि फाशांनी झाली. 1951 मध्ये आलेल्या 'एपीबीए' या बेसबॉलच्या खेळात फासे टाकायचे, खेळाडूच्या पत्त्यावरचा आकडा घ्यायचा आणि कुठल्या तळावर कोण आहे ते पाहून तक्त्यातून निकाल वाचायचा. गडी किती तळ पुढे गेला हे तक्ताच सांगे. आपण शाळेत मागच्या बाकावर खेळायचो ते बुक क्रिकेट याच घराण्यातलं. पुस्तक उघडायचं, पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा. शून्य आलं की गडी बाद. त्यात झेल, त्रिफळा, धावचीत असा भेदच नव्हता. कोणी पळतच नव्हतं, मग चुकीचं कसं पळणार?

दहा वर्षांनी, 1961 मध्ये, हॅल रिचमन या तरुणानं 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' विकायला काढला आणि पळण्याच्या प्रश्नाला पहिल्यांदा नीट हात घातला. प्रत्येक खेळाडूच्या पत्त्यावर त्याच्या पळण्याचा आकडा असतो, समजा 1 ते 14. म्हणजे वीसपैकी चौदा वेळा तो सुखरूप पोचेल. फिल्डरचा हात जोरकस असेल तर त्या चौदामधून काही वजा होतात, कमजोर असेल तर वाढतात. दोन गडी बाद असतील तर दोनची भर पडते, कारण अशा वेळी पळणारा चेंडूला बॅट लागताक्षणी सुटतो, झेल होईल का हे पाहत थांबत नाही. आता खरी गंमत पाहा. आकडा काढायच्या आधी खेळणाऱ्यानं ठरवायचं असतं, गड्याला सोडायचं की थांबवायचं. आधी निर्णय, मग नशीब. पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालणाऱ्या खेळानं जो क्रम बरोबर पकडला होता, तो पुढे संगणकावरच्या कितीतरी खेळांनी हरवला.

त्याच 1961 च्या जानेवारीत जॉन बर्जेसन या आयबीएमच्या कर्मचाऱ्यानं आयबीएम 1620 या यंत्रावर बेसबॉलचा सामना चालवून दाखवला होता. माणसानं संघ निवडायचा, बाकी सगळं यंत्रानं करायचं. नेमकी इथेच गाठ पडली. दोन माणसं समोरासमोर बसून पत्ते खेळतात तेव्हा पळायचं की नाही हे माणूस ठरवतो. यंत्र एकटं खेळायला लागलं की ते ठरवण्याची जबाबदारीही यंत्रावर येते, आणि त्यासाठी त्याला कोणी तरी शिकवावं लागतं.

बहुतेक खेळांनी शिकवण्याचं टाळून आडवाट धरली. चेंडू पडला की यंत्र आधी निकाल काढतं: दोन धावा. मग त्या निकालाला साजेसं चित्र रंगवतं. चित्रात फिल्डरनं चेंडू उचललेला असतो, यष्टिरक्षक स्टंपांमागे हात पुढे करून उभा असतो, तरी फलंदाज रमतगमत दुसरी धाव घेतात, कारण त्यांना वर लिहिलेलं ठाऊक आहे. पुढच्या षटकात चेंडू सीमेजवळ पोचलेला असतो आणि तेच दोघं एका धावेवर थांबतात, कारण वर 'एक' लिहिलंय. पाहणाऱ्याला वाटतं की फलंदाज मूर्ख आहेत. खरं तर ते पळण्याचा निर्णय घेतच नाहीत, आधीच घडून गेलेली गोष्ट ते नाटकासारखी करून दाखवतात. धावचीत होणाऱ्यालाही असंच यंत्र ढकलून देतं. हजारात इतके धावचीत व्हायचे असं ठरलेलं असतं, म्हणून कुणाला तरी वेड्यासारखं पळवून खर्ची टाकतात.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते: पळणाऱ्याला फलकच वाचता येत नाही. इथे बेसबॉलवाल्यांनी फार मोठं काम करून ठेवलंय आणि ते आपण समजून घेण्यासारखं आहे. जॉर्ज लिंडसे हा कॅनडाच्या संरक्षण खात्यातला संशोधक. त्यानं आणि त्याच्या निवृत्त वडिलांनी रेडिओवरची समालोचनं ऐकून शेकडो सामन्यांची चेंडूगणिक टिपणं केली. त्यांवरून लिंडसेनं 1963 मध्ये 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकात लेख लिहिला. किती गडी बाद आहेत आणि कोणत्या तळांवर आपले गडी उभे आहेत, अशा प्रत्येक अवस्थेतून त्या डावात पुढे सरासरी किती धावा होतात याचा तक्ता त्यानं मांडला. बेसबॉलच्या डावात तीन गडी बाद झाले की संघ बसतो, त्यामुळे अशा अवस्था एकूण चोवीसच होतात. पुढे या तक्त्याची खूप मोठ्या नोंदींवर फेरतपासणी झाली आणि तो आज त्या खेळाचा पाया आहे.

त्या तक्त्यावरून साधा हिशेब करू. दुसऱ्या तळावर आपला गडी आहे, फलंदाजानं साधा फटका मारला. गड्याला घरी सोडायचं का? दोन गडी आधीच बाद असतील तर तिसऱ्या तळावर थांबून पुढे धाव मिळण्याची आशा थोडीच असते. हिशेब सांगतो की पोचण्याची शक्यता दहात चार असली तरी पळावं. पण अजून एकही गडी बाद नसेल तर पुढे घरी आणणारे बरेच जण शिल्लक आहेत, तेव्हा दहात नऊहून जास्त वेळा पोचण्याची खात्री असेल तरच पळावं. चेंडू तोच, फिल्डर तोच, पाय तेच. केवळ बाद गड्यांच्या आकड्यामुळे उत्तर चाळीस टक्क्यांवरून नव्वदच्या वर जातं. फटका नसताना दुसरा तळ चोरायचा असेल तर एकही गडी बाद नसताना दहात साताहून थोडं जास्त यश हवं, नाही तर चोरी तोट्यात जाते. ज्या खेळातला गडी हे पाहत नाही आणि फक्त 'मी वेगवान आहे का' एवढंच स्वतःला विचारतो, तो दर सामन्यात एक-दोनदा डोक्याला हात लावायला लावणारच.

क्रिकेटमध्ये चोवीस खणांचा तक्ता पुरत नाही. शिल्लक चेंडू, शिल्लक गडी, हव्या असलेल्या धावा, कोणता फलंदाज कोणत्या टोकाला आहे, पुढचं षटक कुणाचं, या सगळ्याचा गुणाकार होतो. रणजीच्या सामन्यात पहिल्या दिवशी चोरट्या एकेरी धावेची किंमत जवळजवळ शून्य आणि गड्याची किंमत प्रचंड. टी-20 च्या विसाव्या षटकात उलट. पारावरच्या त्या मोबाइलमधल्या फलंदाजाला हा फरक माहीत नव्हता. त्याला फक्त एवढंच शिकवलेलं असावं की अंतर अमुक असेल तर दुसरी धाव घेऊ नये.

आपल्याकडेही असे खेळ बनतात. मुंबईच्या नॉटिलस मोबाइलनं 'रियल क्रिकेट' केलं, पुण्याच्या जेटसिंथेसिसनं 2017 मध्ये 'सचिन सागा' आणलं आणि 2020 मध्ये नॉटिलसही आपल्याकडे घेतली. पुढे 2025 मध्ये कोरियाच्या क्राफ्टननं नॉटिलसमध्ये मोठा हिस्सा घेतला. हे मुख्यतः बोटांनी खेळायचे खेळ. कप्तानीचा, म्हणजे आपण डावपेच ठरवायचे आणि चेंडू संगणकानं खेळायचे असा, जुना खेळ इंग्लंडचा: 1998 मधला 'इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन' आणि त्याचे पुढचे अवतार. बेसबॉलमध्ये त्या जागी 1999 पासून 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' आहे, तो मार्कुस हाइनसोन या जर्मन माणसानं सुरू केला. या जातीच्या खेळांत व्यवस्थापकाला सहसा एक पट्टी मिळते, सावध ते आक्रमक. ती पट्टी ओढून आपण संघाला स्वभाव देतो. पण खरा कप्तान असं बोलत नाही. तो म्हणतो, "मोठा फटका नको, पण पळायचं जोरात." म्हणजे हात सावध आणि पाय आक्रमक. विदर्भाच्या उन्हात दुपारी दमलेल्या गोलंदाजीवर कितीतरी डाव असेच उभे राहतात. दोन्ही गोष्टी एकाच पट्टीवर बांधल्या की हा डाव खेळात सापडतच नाही.

या बाबतीत मला 1987 चा 'अर्ल वीव्हर बेसबॉल' सगळ्यात आदरणीय वाटतो. एडी डॉम्ब्रोवर आणि डॉन डॅगलो यांनी तो करताना बाल्टिमोर ओरिओल्सचे गाजलेले व्यवस्थापक अर्ल वीव्हर यांच्यासमोर बसून विचारलं: अशा वेळी तुम्ही काय करता आणि का? त्या 'का'ची उत्तरं त्यांनी यंत्रात उतरवली. यंत्रं तेव्हाची लहानशीच होती, चित्रं ठोकळ्यांची होती. तरी मैदानातल्या माणसाला विचारून लिहिलेला निर्णय आणि बंद खोलीत अंदाजानं लिहिलेला निर्णय यातला फरक खेळताना कळतो.

खेळ बनवणाऱ्यांची एक बाजू आहे आणि ती फेकून देण्यासारखी नाही. ते म्हणतात, मोसमाच्या शेवटी बेरीज पाहा. खऱ्या संघाचे जितके गडी धावचीत झाले तितकेच आमच्याही संघाचे झाले, तळ चोरण्याचं प्रमाण जुळलं, मग तक्रार कसली? बेरीज जुळवणं खरंच कठीण आहे, आणि जो खेळ बेरीजही जुळवत नाही त्याच्याकडे वळायला नकोच. पण बेरीज जुळली म्हणजे निर्णय खरे झाले असं होत नाही. दोन संघांनी मोसमात शंभर-शंभर वेळा तळ चोरायचा प्रयत्न केला आणि दोघांनाही पंचाहत्तरदा यश आलं. एकानं अटीतटीच्या सामन्यात प्रयत्न केले, दुसऱ्यानं सात धावांनी मागे असताना शेवटच्या डावात. तक्ता दोघांनाही सारखेच गुण देतो. पाहणारा देत नाही, आणि त्याचंच बरोबर आहे. शिवाय बेरीज शिळी होते. 2023 मध्ये अमेरिकेच्या मोठ्या लीगनं तळांची बाजू 15 इंचांवरून 18 इंच केली आणि गोलंदाजाला तळावरच्या गड्याकडे चेंडू फेकण्यावर मर्यादा घातली. 2022 मध्ये 2,486 चोऱ्या झाल्या होत्या, 2023 मध्ये 3,503. चोर तेच होते, फक्त नियमानं त्यांच्या मनातला हिशेब बदलला. ज्या खेळात गडी हिशेब करतो, तो असा बदल झेलू शकतो. ज्यात फक्त जुन्या मोसमांची बेरीज भरली आहे, तो जुन्याच सालात पळत राहतो.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. खरी माणसं तरी कुठे शहाणपणानं पळतात? वेडेपणा अवास्तव म्हणायचा कसा?

26 फेब्रुवारी 2025, नागपूरजवळचं जामठ्याचं मैदान, रणजी करंडकाचा अंतिम सामना, केरळविरुद्ध विदर्भ. विदर्भाचे तीन गडी 24 धावांत गेले होते. मग दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी 215 धावांची भागीदारी केली. दिवस उतरत आला असताना, पळण्याची काहीही घाई नसताना, एका चोरट्या धावेच्या गोंधळात नायर 86 वर धावचीत झाला. आमच्याकडे त्या क्षणी किती घरांत लोक एकदम उठून उभे राहिले असतील! मालेवारनं 153 केल्या, विदर्भाच्या 379 झाल्या, केरळ 342 वर थांबलं आणि पहिल्या डावाच्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. नायरनं दुसऱ्या डावात 135 काढल्या. हा धावचीत एखाद्या खेळात दिसला असता तर आपण म्हटलं असतं, 'बेअक्कल यंत्र.' पण आपण तो खरा मानतो आणि समजूनही घेतो. दिवसभर एकमेकांच्या हाकेवर विश्वास ठेवून पळालेली दोन माणसं एका चेंडूवर वेगवेगळं वाचतात. त्या चुकीला मागचे दोनशे पंधरा धावांचे तास जोडलेले असतात.

17 जून 1999 च्या एजबॅस्टनचं उदाहरण याहून बोलकं आहे. विश्वचषकाचा उपांत्य सामना, दक्षिण आफ्रिकेला एक धाव हवी, शेवटची जोडी क्लूसनर आणि डोनाल्ड. शेवटच्या षटकाच्या तिसऱ्या चेंडूवर डोनाल्ड पुढे सरकला आणि धावचीत होता होता वाचला. चौथ्या चेंडूवर क्लूसनर सुटला, डोनाल्ड चेंडूकडे पाहत थांबला आणि सामना बरोबरीत संपून ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेली. हिशेबानं चौथ्या चेंडूवर पळायलाच हवं होतं असं नाही, अजून दोन चेंडू बाकी होते. पण तिसऱ्या चेंडूची भीती चौथ्या चेंडूवर डोनाल्डच्या पायांत होती. कुठल्या खेळातल्या फलंदाजाला मागचा चेंडू आठवतो?

17 डिसेंबर 2020 ला ॲडलेडमध्ये अजिंक्य रहाणेनं हाक दिली, मग परत पाठवलं आणि विराट कोहली 74 वर धावचीत झाला. अकरा दिवसांनी मेलबर्नला रहाणे स्वतः 112 वर, जडेजाच्या हाकेवर पळताना धावचीत झाला. बाहेर जाताना त्यानं जडेजाची पाठ थोपटली. ज्यानं ॲडलेड अनुभवलं होतं, त्याच्या त्या थोपटण्यात काय होतं हे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळलं. पळण्याच्या निर्णयात दोन माणसांचं नातं असतं. बेसबॉलच्या गड्याला प्रशिक्षकाचा हात असतो, आपल्या फलंदाजाला समोरच्याचा आवाज. म्हणून क्रिकेटच्या खेळांत ही चूक जास्त खटकते: पडद्यावरची ती दोन माणसं एकाच मेंदूनं पळतात. एकाच वेळी सुटतात, एकाच वेळी थांबतात. हाक नाही, नकार नाही, अर्ध्या खेळपट्टीवरून मागे वळणं नाही.

आणि चुकीचा निर्णय व वाईट निकाल यांत फरक करायला हवा. 10 जुलै 2019 ला मँचेस्टरला धोनी दुसऱ्या धावेसाठी वळला, न्यूझीलंडच्या गप्टिलची फेक थेट स्टंपांवर लागली आणि आपला विश्वचषक संपला. आपण आजही हळहळतो. पण 49 व्या षटकात, समोर तळाचा फलंदाज असताना, धोनीनं दुसरी धाव घेऊन स्ट्राइक आपल्याकडे ठेवायचा प्रयत्न करायलाच हवा होता. निर्णय बरोबर, फेक त्याहून बरोबर. चांगल्या खेळानं असा धावचीत दाखवला तर मी तक्रार करणार नाही.

माझ्या दृष्टीनं कसोटी इथे ठरते. खेळातला गडी पळाला किंवा थांबला, तर त्याला कारण असलं पाहिजे, आणि ते कारण त्या क्षणी त्याला दिसत असलेल्या गोष्टींतून आलं पाहिजे: चेंडू कुठे, फिल्डर कोणत्या हाताचा, फलकावर काय, समोर कोण. तो चुकला तरी चालेल. माणूस ज्या वाटेनं चुकतो त्या वाटेनं चुकू दे: दमून, घाबरून, लोभानं, हाक नीट न ऐकल्यामुळे. निकाल आधी ठरवून मागाहून पळवलेला गडी या कसोटीवर कधीच उतरणार नाही, त्याची बेरीज कितीही जुळो. वेगाचा एकच आकडा देऊन सोडलेला गडीही उतरणार नाही. पाय वेगळे आणि समज वेगळी, हे गावातल्या प्रत्येक संघाला माहीत असतं. आमच्याकडचा सगळ्यात वेगानं पळणारा पोरगा माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा धावचीत आहे.

मग हे शिकवायचं कशावरून? इथे क्रिकेट बेसबॉलच्या फार मागे आहे आणि दोष एकट्या खेळ बनवणाऱ्यांचा नाही. बेसबॉलच्या कागदावर प्रत्येक गडी कोणत्या फटक्यावर कुठून कुठे गेला याची खूण होते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर येऊन थांबला, हीसुद्धा नोंद असते. 1984 मध्ये बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याच्या हाकेवर साध्या प्रेक्षकांनी घरोघरी अशी टिपणं जमवायला सुरुवात केली. 1989 मध्ये डेव्हिड स्मिथनं 'रेट्रोशीट' ही संस्था उभी केली आणि जुन्या वह्या गोळा करून त्या सगळ्यांना फुकट खुल्या केल्या. लिंडसेच्या वडिलांनी रेडिओजवळ बसून जे केलं, तेच हजारो लोकांनी केलं. आज बेसबॉलचा खेळ बनवणाऱ्याला विचारता येतं: अशा वेळी खरे गडी किती वेळा थांबले?

क्रिकेटच्या वहीत याचं उत्तर नाही. टिंब, एक, दोन, तीन. टिंब म्हणजे चेंडू फिल्डरच्या हातात गेला, की धाव होती आणि नाकारली? 'एक' म्हणजे एकच शक्य होती, की दुसरी होती आणि समोरच्यानं परत पाठवलं? धावचीत लिहिताना फेक कुणाची हे लिहितो, हाक कुणाची हे लिहीत नाही. नाकारलेली धाव आपल्या वह्यांत कुठेच नाही, आणि पळण्याची अर्धी समज तर नाकारण्यातच असते.

म्हणून मी यंदा वहीत एक रकाना वाढवला. फार काही लागत नाही. हाक स्ट्रायकरची असेल तर 'स्ट्रा', समोरच्याची असेल तर 'स', धाव होती आणि नाकारली तर टिंबाभोवती गोल, अर्ध्यातून परत फिरले तर तिरपी रेघ. पहिल्या दोन-तीन सामन्यांत हात अडखळतो, मग सवय होते. तुमच्या गावात, शाळेत, तालुक्याच्या सामन्यांत जो कोणी वही घेऊन बसतो, त्याला हा रकाना आखायला सांगा. मुंबई-पुण्यात जी मुलं क्रिकेटचे खेळ लिहितात त्यांनी अशा वह्या मागवाव्यात आणि एक मोसम एखाद्या वावराच्या धुऱ्यावर येऊन बसावं. आमच्याकडे तूर निघाली की सामने सुरू होतात, आणि बसायला जागा आहे.